मोबाईल बाजूला ठेवा, स्वतः गा: बेळगाव सीमाभागातल्या पालकांसाठी मुलांच्या संगीतोपचाराचं मार्गदर्शन

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, अंगणवाडीत बाकीच्या पोरांत मिसळत नाही. अशा वेळी निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठंही जा, सल्ले देणारे भरपूर भेटतात. "त्याचा मामा पण उशिराच बोलला की," हा जुना सल्ला. "गाणी लावून द्या, म्युझिक थेरपी चांगली असते म्हणे," हा अलीकडचा. दुसऱ्यात तथ्य आहे, पण अर्धवट. नुसती गाणी लावून दिल्यानं फारसं काही होत नाही. मुलासोबत गायलं, त्याच्या आवाजाला उत्तर दिलं, मध्ये थांबून त्याची वाट बघितली, तर होतं.

संगीतोपचारातून काय मिळतं, काय नाही

प्रशिक्षित थेरपिस्ट जेव्हा संगीत वापरून संगीताबाहेरचं काही साधायला बघतो, तेव्हा त्याला संगीतोपचार म्हणायचं. लक्ष देणं, पाळी येईपर्यंत थांबणं, हवं ते मागणं, हात उचलणं, पाऊल टाकणं, भीती कमी होणं, अशी उद्दिष्टं असतात. मूल सुरात गातं की नाही, याला तिथं महत्त्व नसतं. १९५९ पासून पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक यांनी मिळून अपंग मुलांसोबत जी पद्धत उभी केली, ती आजही जगभर वापरात आहे. मूल जे वाजवेल, जसं रडेल, जसा आवाज काढेल, त्यालाच धरून थेरपिस्टनं तिथल्या तिथं संगीत रचायचं, हे तिचं सूत्र.

फायद्यांबद्दल सर्वांत जास्त अभ्यास स्वमग्नतेवर, म्हणजे ऑटिझमवर झाला आहे. कॉक्रेन या संस्थेनं २०२२ मध्ये २६ अभ्यासांचा, मिळून १,१६५ जणांचा आढावा घेतला. संगीतोपचार घेतलेल्यांत एकूण सुधारणा होण्याची शक्यता जास्त दिसली, लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचं आणि जगण्याचा दर्जा थोडा सुधारल्याचं दिसलं. पण २०१७ चा एक मोठा अभ्यासही सांगायला हवा. नऊ देशांतली ४ ते ७ वर्षांची ३६४ मुलं त्यात होती. पाच महिन्यांनी सामाजिक लक्षणांच्या ठरावीक चाचणीत, संगीतोपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. माझ्या मते दोन्ही गोष्टी सोबत घेऊन चालावं. संगीतानं ऑटिझम 'बरा' होत नाही. मुलाशी संवादाची एक वाट मात्र उघडू शकते, आणि ती घरच्या घरीही चालता येते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा २०१३ मधला अमेरिकेतला अभ्यास मला विशेष वाटतो. ११ नवजात अतिदक्षता विभागांतली २७२ बाळं होती. आईवडिलांना जवळचं वाटणारं गाणं अंगाईसारखं संथ करून बाळापाशी प्रत्यक्ष गायलं गेलं, शिवाय श्वासासारखा आणि हृदयाच्या ठोक्यासारखा आवाजही दिला गेला. बाळांच्या हृदयाची गती, दूध ओढणं, झोप यांवर चांगला परिणाम दिसला आणि आईवडिलांचा ताणही हलका झाला. तेव्हा आपल्याकडच्या आजीच्या पाळण्याला कमी लेखू नये. बाळ अजून दवाखान्यात असेल तर नर्सबाईंना विचारून, कांगारूसारखं छातीशी धरून, अगदी हळू गुणगुणावं. अशा विभागात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. म्हणजे कुजबुजण्याहून थोडंच जास्त.

सुरुवात कानापासून

गाण्याकडे वळण्याआधी मुलाला नीट ऐकू येतं का, हे तपासून घ्या. हा टप्पा गाळू नका. फटाका वाजला की दचकतो, म्हणून ऐकू येतं असं धरून चालत नाही. ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू न येणारी मुलंही दचकतात. ओएई आणि बेरा या कानाच्या तपासण्यांत मुलानं काही उत्तर द्यावं लागत नाही, त्यामुळं त्या तान्ह्या बाळाच्याही करता येतात.

१२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडणं नाही. किंवा आधी येत असलेले शब्द कोणत्याही वयात गळून गेले, तर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येतं. त्यांच्याकडे नाव नोंदवा. तिथून जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी, म्हणजे लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे मुलाला पाठवता येतं. पथकाची वाट बघायची नसेल तर बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात, कान-नाक-घसा आणि बालरोग विभागात थेट जा. वाचा आणि श्रवण यांसाठी देशातली मोठी संस्था, एआयआयएसएच, आपल्याच राज्यात म्हैसूरला आहे. प्रवास लांबचा आहे, पण निदान अडलं असेल तर जाण्यासारखा.

मुलाला फिट येत असतील तर गाणी-वाद्यांचं डॉक्टरांच्या कानावर घाला. संगीतानं फिट येणं अगदी क्वचित घडतं, पण घडतं.

एकच उद्दिष्ट धरा

'त्यानं बोलावं' हे उद्दिष्ट फार मोठं आहे. त्यातला दिसेल-मोजता येईल असा तुकडा काढा. उदाहरणार्थ: 'आणखी हवं असेल तर माझ्या हाताला हात लावेल', 'दात घासताना दोन मिनिटं रडणार नाही', 'माझी पाळी संपेपर्यंत डबा वाजवायचा थांबेल'. चार-सहा आठवडे तेवढंच. एका साध्या वहीत रोज एक ओळ लिहा: काय गायलं, त्यानं काय केलं, किती वेळ टिकला. घरातल्या आठवणीवर विसंबू नका. बाबांना सगळं सुधारलेलं वाटतं, आजीला काहीच नाही.

त्याआधी चार-पाच दिवस नुसतं निरीक्षण करा. कुकरच्या शिट्टीला कान झाकतो का? पंख्याच्या घरघरीकडे टक लावून बसतो का? देवळातल्या घंटेकडे धावतो की पळून जातो? वडगाव-शहापूरकडच्या विणकरांच्या घरांत दिवसभर मागाची खटखट असते. काही मुलं त्याच ठेक्यावर डुलतात, काही त्यानं हैराण होतात. आवडता आवाज कळला की बैठकीचं वाद्य आणि ठेका ठरवणं सोपं जातं.

दहा मिनिटांची बैठक

रोज एकच वेळ, एकच जागा. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, माग किंवा मिक्सर चालू नसेल अशी घटका. जमिनीवर मुलासमोर बसा, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतील असे. वाद्यं दोनच: एक ठोकायचं, एक हलवायचं. उपडा स्टीलचा डबा किंवा छोटी खंजिरी, आणि घुंगरांची पट्टी किंवा खुळखुळा. बाटलीत डाळ-तांदूळ भरून खुळखुळा केलात तर झाकण चिकटवून पक्कं करा. दाणा नाकात किंवा घशात गेल्याची प्रकरणं दवाखान्यात काही कमी येत नाहीत. टाळ आणि झांज जवळून फार टोकदार वाजतात, सुरुवातीला नकोत. हलगी आणि धनगरी ढोल घरात तर नकोच.

पहिलं गाणं ओळखीचं, रोज तेच. प्रसिद्ध गाणं लागत नाही, मुलाचं नाव गुंफून दोन ओळी जुळवल्या की झालं: "आला आला अथर्व आला, डबा वाजवायला बसला." चाल हादग्याच्या गाण्याची घ्या, भजनाची घ्या, तुम्हाला येते ती घ्या. सूर चुकला तर मुलाचं काही बिघडत नाही. मुलाला बैठक सुरू झाल्याचं कळलं की काम झालं.

मग त्याचं अनुकरण करा. त्यानं डब्यावर दोनदा मारलं, तुम्हीही दोनदा मारा. तो "आऽऽ" म्हणाला, तुम्ही त्याच पट्टीत "आऽऽ" म्हणा. तो बोटांनी खरवडतोय, तुम्हीही खरवडा. पहिला आठवडाभर एवढंच करायचं आणि "असं नाही रे, असं वाजव" हे वाक्य तोंडातून येऊ द्यायचं नाही. आपण काहीतरी केलं की समोरचं माणूस काहीतरी करतं, हे मुलाच्या लक्षात येणं हा सगळ्या बोलण्याचा पाया असतो. काही मुलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुद्दाम वेगळं वाजवून तुमच्याकडे बघतात, तुम्हीही तसंच करता का ते तपासायला. ते बघणं वहीत लिहून ठेवा.

पुढची पायरी थांबण्याची, आणि आपल्या घरांत हीच सगळ्यांत जड जाते. ओळखीच्या गाण्याची ओळ म्हणत या आणि शेवटच्या शब्दाआधी थांबा. "आला आला अथर्व…" इथं थांबून मनात दहापर्यंत मोजा, चेहऱ्यावर 'पुढं काय?' असा भाव ठेवून. एवढी शांतता सहन होत नाही, म्हणून शेजारी बसलेली आजी पटकन "आला!" म्हणून टाकते. आजींना आधीच समजावून सांगा. मुलानं शब्दच म्हणायला हवा असं नाही. नजर वर केली, हात हलवला, अंग पुढं झुकवलं, हुंकार दिला, की लगेच ओळ पूर्ण करा. दहापर्यंत मोजूनही काही आलं नाही तर तुम्हीच पूर्ण करा, न रागावता.

पाळी घेणं शिकवायला भजनाइतकी सोपी रीत दुसरी नाही. बुवा एक चरण म्हणतात, टाळकरी तोच चरण उचलतात. तोच साचा घरी वापरा: तुम्ही तीन ठोके, मग हात मागे घेऊन त्याच्याकडे डबा सरकवा; तो वाजवेल तेवढं, मग डबा परत तुमच्याकडे. डबा सरकला की पाळी बदलली, हे डोळ्यांना दिसतं, म्हणून शब्द न कळणाऱ्या मुलालाही ते कळतं. घरातल्या भावंडाला तिसरा भिडू करा. शाळेत 'थांबायचं असतं' म्हणून दहादा ओरडण्यापेक्षा इथं ते लवकर अंगवळणी पडतं.

शेवटाकडे जलद-संथ, मोठ्यानं-हळू, आणि 'थांब!' हा खेळ. अति चंचल मुलाला आधी त्याच्याच वेगानं वाजवू द्या, मग तुम्ही हळूहळू लय उतरवत न्या. एकदम संथ गाणं लावून त्याला शांत करायला गेलात तर ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. संपवण्याचं गाणंही रोज एकच, आणि वाद्यं मुलाच्याच हातानं पिशवीत.

मूल उठून गेलं तर ओढून आणू नका. तो खिडकीपाशी गेला तर तेच हळू आवाजात गा: "अथर्व गेला खिडकीपाशी." पुष्कळदा ते वळतं. नाही वळलं तर संपवण्याचं गाणं म्हणून त्या दिवशी तीन मिनिटांवर थांबा. कान झाकणं, अंग ताठ करणं, हात चावणं, घाम येणं दिसलं तर आवाज लगेच बंद.

दिवसभरातली छोटी गाणी

बैठकीइतकाच उपयोग या गाण्यांचा होतो, आणि त्यांना वेगळा वेळ लागत नाही. दात घासणं, अंघोळ, चप्पल घालणं, बसमध्ये चढणं, जिथं जिथं रडारड होते त्या प्रत्येक कामाला चार ओळींचं ठरलेलं गाणं द्या. गाणं संपलं की काम संपलं, हे मुलाला कळतं, 'किती वेळ?' या न विचारता येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळतं. इंजेक्शनच्या वेळी हेच गाणं सुई टोचण्याआधी सुरू करा, रडायला लागल्यावर नव्हे.

मराठी, कन्नड आणि गाणं

सीमाभागातल्या पालकांना हमखास मिळणारा चुकीचा सल्ला: "घरात मराठी, शाळेत कन्नड, वर इंग्लिश, म्हणून पोरगं गोंधळलंय. एक भाषा बंद करा." दोन भाषांमुळं ऑटिझम होत नाही, आणि दोन भाषा कानांवर पडल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागं पडते, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. आईला ज्या भाषेत मन मोकळं करून गाता येतं, तीच भाषा घरच्या बैठकीची.

थेरपिस्ट किंवा अंगणवाडीतल्या बाई कन्नड बोलणाऱ्या असतील तर चाल तीच ठेवून शब्द दोन करा. घरी 'हवं' आणि 'पुरे', तिथं 'बेकू' आणि 'साकू'. तुमच्या आवाजातली चाल त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. चाल एकच असली की मुलाला दोन्ही ठिकाणी ओळखीचं काहीतरी सापडतं. अर्थ मागून येतो.

प्रत्येकासाठी वेगळं

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळं हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या, चालू शकणाऱ्या मुलांना ठरावीक लयीच्या ठोक्यावर पावलं टाकायला लावतात, पण लय किती ठेवायची ते फिजिओथेरपिस्टनं ठरवायचं. बसलेल्या मुलासाठी घुंगरू थोडं उंच धरलं तर हात उचलण्याचा व्यायाम आपोआप होतो. तोतरं बोलणारी मुलं गाताना सहसा अडखळत नाहीत. त्यामुळं त्यांचा धीर वाढतो, पण गाण्यानं तोतरेपणा जात नाही. त्याला वाचा-उपचारच लागतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला खंजिरीच्या पानावर किंवा डग्ग्यावर तळहात ठेवू द्या, कंपनातून ठेका समजतो. आणि दहावीच्या वयाची, घुसमटलेली मुलं? त्यांच्यासमोर डबा घेऊन बसू नका. त्यांची गाणी त्यांना लावू द्या, सोबत बसून ऐका, 'यातलं काय आवडतं?' एवढंच विचारा. झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर गाण्याच्या भरवशावर एक दिवसही न राहता डॉक्टरांकडे.

एक वेगळीच गोष्ट. ऑटिझम असलेली काही मुलं एकदा ऐकलेली चाल जशीच्या तशी गुणगुणतात. मग घरात चर्चा सुरू होते, कारण कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आपल्याच जिल्ह्यातलं, आणि रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या संवादिनीवादकाच्या बेळगावात पेटीचा क्लास सापडायला वेळ लागत नाही. क्लास जरूर लावा, मूल रमत असेल तर. पण क्लास म्हणजे थेरपी नव्हे. परीक्षा, स्टेज आणि रील्स यांचा भार त्या मुलावर टाकू नका.

आवाज किती

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, ही सुरक्षित मर्यादा. आवाज ३ डेसिबलनं वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. गणपतीच्या किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेसमोर ही मर्यादा काही मिनिटांत संपते. बेळगावात चित्ररथ बघायला नेणारच असाल तर रस्त्याकडेला नाही, एखाद्या नातेवाइकाच्या गच्चीवर न्या, आणि कानांवर पूर्ण बसणारे इअरमफ घाला. कापसाच्या बोळ्यानं आवाज फारसा अडत नाही. हरिनाम सप्ताहात मुलाला टाळकऱ्यांच्या ओळीत न बसवता मागच्या भिंतीशी बसवा, आणि बाहेर जायची वाट मोकळी ठेवा.

स्क्रीनवरची बडबडगीतं आणि गाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांपर्यंतही टाळा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं हीच संघटना सांगते.

कशाला भुलू नये, कोणाकडे जावं

'मोत्झार्ट ऐकवा, बुद्धी वाढते' याचा उगम १९९३ च्या एका छोट्या प्रयोगात आहे. तो ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर झाला होता, मुलांवर नव्हे, आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. 'अमुक रागानं तमुक रोग बरा' असे तक्ते फिरतात, तेही बाजूला ठेवा. राग ऐकून मन निवतं यात शंका नाही. त्यावरून औषध बंद करणं हा मात्र धोका आहे. ऑटिझम शंभर टक्के बरा करण्याची हमी देणारा किंवा वर्षाची फी आगाऊ मागणारा कोणीही असो, तिथून उठून या.

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी करते. संगीत थेरपिस्ट असा वेगळा वर्ग त्या नोंदणीत नाही. म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. विचारा: शिक्षण कुठं आणि किती काळ झालं? प्रत्यक्ष मुलांसोबत देखरेखीखाली किती काम केलं? माझ्या मुलासाठी उद्दिष्ट काय, ते कसं मोजणार? मला सोबत बसता येईल का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आलं तर पुढं जाऊ नका. संगीत थेरपिस्ट जवळपास नसेल तर आरसीआय-नोंदणीकृत वाचातज्ज्ञाकडे जा आणि घरची बैठक त्यांना दाखवा. पुष्कळ जण स्वतःच गाणी वापरतात.

खर्चाचं बघताना कागदं आधी करून घ्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष, वाचा-भाषा दोष हे सगळं येतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं, म्हणजे कर्नाटकात काढलेलं कार्ड निपाणीकरांना कोल्हापुरात किंवा कागवाड-अथणीकरांना मिरजेतही दाखवता येतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना आहे. तिच्यात एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण असून ठरावीक थेरपींचा खर्चही त्यात बसतो. पहिल्या भेटीला जाताना श्रवणचाचणीचा अहवाल, महिन्याभराची वही आणि बैठकीचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ सोबत न्या. मूल परक्या खोलीत काहीच करून दाखवत नाही, त्यामुळं तज्ज्ञांना त्या व्हिडिओंतूनच जास्त कळतं.